शेकलेली मटकी

बंगळूरच्या हवेचं सगळे कौतुक करायचे. आईचा मात्र तिच्यावर राग होता, आणि रागाचं कारण मटकी. निपाणीला तिच्या माहेरी भिजवलेली मटकी फडक्यात बांधून खुंटीला लावली की दुसऱ्या सकाळी फडक्याच्या विणीतून शेपट्या बाहेर डोकवायच्या. इथे चामराजपेटेत, थंडीच्या दिवसांत, पुरचुंडी रुसलेल्या पाहुणीसारखी नुसती लटकत राहायची. आई तिला चुलीमागे ठेवायची, तांदळाच्या डब्यात पुरायची, एकदा तर अप्पांच्या पांघरुणात घालून ठेवली होती आणि अप्पा अंथरूण ओलं लागलं म्हणून दचकून उठले होते. आम्ही राहायचो ते एक वठार, म्हणजे लांबट अंगण, दोन्ही अंगांना दीड-दीड खोलीची बिऱ्हाडं, मध्ये सगळ्यांचा एक नळ. घरमालकीण सरोजम्मा नळापाशी उभी राहून कुणाच्या घरात काय शिजतंय ते नाकानंच ओळखायची. आमच्या उसळीची फोडणी पडली की तिची हाक यायचीच, "अक्का, मोळके माडिद्रा? स्वल्प कोडि." मोड आणलेत का, थोडी द्या. आईला कन्नड येत होतं, पण या वाक्याला ती उत्तर द्यायची नाही, नुसती वाटी भरून द्यायची.

निवडायला बसली की आई घरात कुणाला बोलू द्यायची नाही. सूप मांडीवर, समोर काशाचं ताट. मूठभर दाणे ती उंचावरून ताटात सोडायची आणि कान देऊन ऐकायची. चांगल्या दाण्याचा आवाज मऊ येतो. गणंग, म्हणजे जो भिजत नाही, शिजत नाही आणि शेवटी दाताखाली येतो तो दाणा, टणकन वाजतो. मला कितीही प्रयत्न करून तो फरक कधी ऐकू आला नाही, आणि आता वाटतं की तिलाही येत नसावा, ती फक्त शांतता मिळवत होती. मग भिजवणं. वर तरंगतील ते दाणे ओंजळीनं काढून टाकायचे. फडकं जुन्या धोतराचंच हवं. मोड नखाएवढा झाला की बस. त्याहून लांब झाला की आई म्हणायची, "आता याचं रोप लाव, उसळ नको." फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग कांदा, आणि निपाणीहून येणारा कांदा-लसणाचा मसाला. कढईवर ताट, ताटात पाणी, आणि ते पाणी कढत झालं की तेच उसळीत. शेवटी गुळाचा खडा. मी हे सगळं आयुष्यभर करत आले, पुढे दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून रोग्यांना सांगत आले, पण मला अजून ते ताटातलं पाणी सळसळायला लागल्याचा आवाज आला की भूक लागते.

थंडीवर उपाय सापडला तो अप्पांना. अप्पा पीण्याला, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका लहान कारखान्यात होते. लोखंडाचे सुटे भाग भट्टीत तापवून कडक करायचं काम तिथे चाले. भट्टीच्या मागची भिंत गाईच्या पाठीइतकी उबदार असते, असं ते सांगायचे. एका थंडीत त्यांनी पुरचुंडी डब्याच्या पिशवीत घालून नेली, त्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि संध्याकाळी आणली तेव्हा तिला मोड आले होते. त्यानंतर हा नेमच झाला. बसमध्ये पिशवीतून पाणी ठिबकायचं, आणि ओळखीचा कंडक्टर विचारायचा, "काय अण्णा, बाळ झोपलंय का?" कारखान्यातल्या लोकांना आठवड्यातून एकदा आमची उसळ मिळायची, त्यामुळे ते पुरचुंडीवर पाणी शिंपडायला विसरत नसत. आज माझा मुलगा बेळ्ळंदूरला उंच इमारतीत राहतो. त्याच्या फ्रिजमध्ये मोड डबीबंद येतात, धुतलेले, एकसारखे. खाते मी ते. वाईट नसतात.

मी तेव्हा होम सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी आजही कुणालाही पहिल्या भेटीत सांगते, लाज कसली. वठारातल्या बायका हसायच्या, स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला म्हणून. मी घरी येऊन आईला ऐकवायची की कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच, ते मोड येताना तयार होतं. मोड आले की पोट कमी फुगतं, दाण्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. शिजताना सोडा घातला तर ब जीवनसत्त्व जातं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मी कधी सोडा घातलाय?" पण दुसऱ्या दिवशी नळावर सरोजम्माला हेच सगळं कन्नडात, स्वतःचं म्हणून सांगताना मी तिला ऐकलं आहे.

त्या थंडीत आत्या आली. अप्पांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानंच अप्पांना वाढवलं होतं, म्हणून अप्पा तिच्यासमोर उभे राहूनच बोलायचे आणि तिनं काही सांगितलं की "होय आक्का" यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. आत्या मटकीचं एक अख्खं पोतं घेऊन आली होती. कारण असं होतं की इथल्या मराठी मंडळाचं संमेलन होतं, आणि कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकऱ्या लागून पुण्याकडून नुकत्याच आलेल्या मंडळींनी मिसळ हवीच असा हट्ट धरला होता. मंडळाच्या शुभदावहिनींनी आईची उसळ एकदा खाल्ली होती. त्या घरी येऊन म्हणाल्या, "काकू, प्लीज, मटकी तुमचीच. आपण ऑथेंटिक करू या." आईला ऑथेंटिक कळलं नाही, प्लीज कळलं. तिनं होकार दिला आणि निपाणीला आत्याकडे मटकीचा निरोप धाडला.

पोत्याबरोबर आत्यानं स्थळही आणलं होतं. मुलगा निपाणीचा, तंबाखूचा व्यापार, दुमजली घर. मुलाला मी एकदा पाहिलंही होतं. नाव ठेवायला जागा नव्हती. चहाची बशी खाली ठेवून आत्या म्हणाली, "शिकली की वरीसभर. लई झालं. उन्हाळ्यात बार उडवून टाकू." निपाणीकडच्या बायका बोलताना 'मी येतो, मी करतो' असं पुरुषासारखं बोलतात. आत्या तर बोलायचीही तशी आणि ठरवायचीही तशी. "मंडळाचं काम उरकलं की मी जातो आणि त्यांना होय सांगतो," ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "होय आक्का." मी आईकडे पाहिलं. आई कपबशा गोळा करत होती. मला कॉलेज सोडायचं नव्हतं. रडारड करून आत्यापुढे काही चालत नाही हेही मला माहीत होतं, तिच्या स्वतःच्या मुली रडून पाहून चुकल्या होत्या.

आईनं मटकी निवडली, ताटात वाजवली, घंगाळात भिजवली. दाणे टम्म फुगले. पुरचुंड्या बांधून अर्ध्या अप्पांबरोबर पीण्याला गेल्या, अर्ध्या घरात राहिल्या. संध्याकाळी अप्पा आले, फडकं सोडलं, तर मोड नाही. आणखी एक दिवस गेला, तरी नाही. दाणे गुळगुळीत, आणि वास आंबूस यायला लागलेला. भट्टीच्या भिंतीपाशीसुद्धा मोड येईनात म्हणजे काय! आईचा चेहरा उतरला. संमेलन तोंडावर आलेलं.

आत्यानं पुरचुंडीचा वास घेतला आणि माझ्याकडे वळली. "मंगे, तू हात लावलास याला?"

"लावला. फडकी मीच बांधली."

"पाळीची हाईस ना?"

होते. आणि लपवलं नाही. दीड खोलीत बाजूला कुठे बसणार, आणि मी बसले तर पाणी कोण भरणार, म्हणून आईनं बंगळुरात आल्यावर ती शिवाशिव हळूच सोडून दिली होती. आत्याला ते आत्ता कळलं. लोणचं, पापड आणि मोड यांना बाईनं त्या दिवसांत शिवायचं नाही, हा तिच्या घरचा नियम. "बघ," ती अप्पांना म्हणाली, "हे कालेज. मटकीला मोड येईनात, आणि ही म्हणं शाणी झाली. अजून दोन वर्षं ठेवलास तर काय काय करंल?" अप्पांनी मान खाली घालून पुरचुंडीची गाठ परत बांधली. आतापर्यंत ठरत होतं ते स्थळ चांगलं म्हणून. आता माझी चूक म्हणून ठरत होतं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. फळीवर आईच्या डब्यात आधीच्या दिवाळीची थोडी मटकी उरली होती. मी तिचे चिमूटभर दाणे घेतले, पोत्यातले चिमूटभर घेतले, वेगवेगळ्या वाट्यांत एकाच नळाच्या पाण्यात रात्रभर भिजवले. दोन चिमुकल्या पुरचुंड्या केल्या, डब्यातलीला लाल दोरा, पोत्यातलीला पांढरा. आत्यासमोर बांधल्या. आणि तिच्यासमोरच दोन्ही ओढणीच्या आत पोटाशी बांधून टाकल्या.

"अगं अगं! हे काय?" आत्या म्हणाली.

"माझ्या हातानं मरत असतील तर पोटाशी दोन्ही मरतील," मी म्हटलं. "उद्या सोडून बघ."

आई फस्सकन हसली आणि तोंडावर पदर घेतला. मी तशीच कॉलेजला गेले, वर्गात बसले, ओल्या पोटानं कुडकुडत. मैत्रिणीनं विचारलं पोट दुखतंय का. मी म्हटलं, नाही, शेती चाललीय. रात्री कुशीवर झोपले, पुरचुंड्या चिरडू नयेत म्हणून.

सकाळी चहाच्या वेळी आत्यानं स्वतः गाठी सोडल्या. पांढऱ्या दोऱ्याची मटकी फुगलेली, मख्ख. लाल दोऱ्याच्या प्रत्येक दाण्याला पांढरी, वाकडी शेपटी. आत्या ते फडकं उजेडात नेऊन बराच वेळ बघत राहिली. नंतर एक मोड चिमटीत धरून तोंडात टाकला.

आता खरी गंमत मला कळत नव्हती. माझा हात निर्दोष ठरला, पण पोत्यातल्या मटकीला झालं काय? मी पोत्यात हात घातला, कोरडे दाणे दाताखाली धरले. कच्ची मटकी फोडायला जोर लागतो. ही कुरकुरीत फुटली. आणि मागून, अगदी पुसट, फुटाण्यासारखी चव.

"आत्या, ही मटकी भाजलीस का गं?"

"भाजीन कशाला? नुसती शेकली," आत्या म्हणाली. "मोठ्या कढईत, थोडी थोडी करून. तुमच्या बंगळूरच्या गार हवेत टोके पडत्यात म्हणून किती जपून..." आणि ती मध्येच थांबली. तिनं आईकडे पाहिलं, आईनं तिच्याकडे. दाण्यातला जीव आचेनं जातो हे कुणी सांगायची गरज राहिली नव्हती. शेकून ठेवलेलं कडधान्य टिकतं, ते आमटीला, पिठाला उत्तम, आणि निपाणीला आत्या मोडांची मटकी वेगळी ठेवायची. पण भावाच्या घरी पोतं न्यायचं म्हणताना तिला एकच सुचलं होतं, किडायला नको. चुलीपुढे बसून तिनं ते अख्खं पोतं मायेनं मारलं होतं.

"म्हंजे मीच मारली व्हय," आत्या म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि घंगाळं भरून भिजवली, भट्टीला नेऊन टांगली! मेलेलं पोर घेऊन बसमधनं फिरलास व्हय रं!" अप्पांनी माझ्या आठवणीत पहिल्यांदाच आक्कासमोर बसून, मांडीवर थापा मारत हसून घेतलं. उरलेल्या पोत्याची पुढे भाजणी झाली आणि वठारातल्या प्रत्येक घरी थालीपीठं लागली.

पण संमेलन उभंच होतं. तेवढी मटकी बंगळुरात ऐनवेळी कुठून आणणार? आत्यानं कमरेला पदर खोचला. "मुगाला मोड लवकर येत्यात. चल मंगे." मी आणि ती मार्केटात गेलो. दुकानदारानं हिरव्या चकचकीत मुगाचं पोतं पुढे केलं. आत्यानं एक दाणा दाताखाली धरला, थुंकला. दुसऱ्या दुकानात तेच. आता ती प्रत्येक ठिकाणी दाणा फोडून मला देत होती, "बघ, शेकलाय का?" मी चावायची, मान हलवायची. चकाकणाऱ्या मुगाला तेलाचा हात लावलेला असतो, म्हणून आम्ही मळकट, बारीक, यंदाचा मूग घेतला. दुकानदार वैतागून म्हणाला, "अक्का, साकु, पुरे आता, सगळं पोतं खाणार का?" आत्या तिच्या निपाणीच्या कन्नडात त्याला असं काही बोलली की तो हसून, "सरी, सरी," करत वर एक ओंजळ घालून मोकळा झाला.

संध्याकाळी मूग भिजले. पहाटे आम्ही तिघींनी पुरचुंड्या बांधल्या. आत्यानं फडकी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू बांध. तुझा हात चांगला हाय." अप्पा त्या दिवशी दोन्ही खांद्यांना पिशव्या लावून पीण्याला गेले. संध्याकाळी वठाराच्या दारातूनच ओरडले, "आले! आले!" सरोजम्मा धावत आली, कुणाकडे पाहुणे आले म्हणून.

संमेलनात शुभदावहिनी पातेल्यात डोकावून म्हणाल्या, "काकू, हे तर मूग. मिसळीला मटकी नको का?" आई गोंधळली. आत्या पळी हातात घेऊन पुढे झाली. "मटकीला या वर्षी सुतक हाय," ती म्हणाली. "खाऊन बघा, मग बोला." पाव पुरले नाहीत म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीतले बन आणले होते, फरसाणात इथला खारा, म्हणजे तिखट शेव-बुंदी, घातला होता, आणि पुण्याची ती मंडळी नाकं लाल करून, पाणी पीत, परत परत ताटल्या पुढे करत होती. कुणीतरी आईला विचारलं, रेसिपी द्याल का. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मोड का चांगले, ते जास्त का शिजवू नयेत, यावर तिथे पळी हातात धरून भाषणच ठोकलं. लोक खात खात ऐकत होते. माझी ती पहिली नोकरी म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या निघणार होती. पिशवी भरून झाली, आणि एकदम म्हणाली, "आधी तुझं कालेज बघतो." आम्ही गेलो. बाकं, काचेच्या बरण्या, तराजू, सगळं तिनं हात लावून पाहिलं. आमच्या मॅडम कन्नड होत्या. आत्यानं त्यांना सरळ कन्नडात विचारलं, "शेकलेली मटकी उगवत नाही, हे तुम्ही हिला शिकवलं का?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, सगळी हकिकत काढून घेतली, पोटाशी बांधलेल्या पुरचुंड्या ऐकून खुर्चीत मागे रेलून हसल्या. म्हणाल्या, "नाही हो आजी, आम्ही अजून तिथवर आलोच नाही. ते तिनं तिचं शोधलं."

येताना बसमध्ये आत्या खिडकीबाहेर बघत बसली. घरी आल्यावर अप्पा कामावरून आलेले, हातपाय धूत होते. तिनं त्यांना पंचा दिला आणि सांगितलं, "निपाणीच्या लोकांना मी न्हाई म्हणून कळवतो. पोरगी मोकळी न्हाई."

अप्पा नेहमीसारखं "होय आक्का" म्हणाले. मग पंचा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "किती दिवस म्हणून सांगायचं?"

"मला काय विचारतोस? कालेज तिचं. तिला विचार."

अप्पा वळले. घरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांनी मला काही विचारायची ती पहिलीच वेळ, आणि त्यांना शब्द जुळवायला थोडा वेळ लागला. "किती दिवस गं, मंगल?"

"डिग्री होईपर्यंत."

"आणि मग?" आतून आई म्हणाली.

"मग बघू," मी म्हटलं. आमच्या घरात तोवर 'बघू' फक्त अप्पा म्हणायचे. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि पंच्यानं तोंड पुसत आत जेवायला जाऊन बसले.